वरची सात मिनटं

पैज लागली ओमप्रकाशशेठच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर, सतरा मार्चच्या संध्याकाळी, अन् ती लावली मीच. आमच्या गल्लीत आजपोतर जेवढ्या पैजा लागल्या त्यातल्या निम्म्या मी लावल्या अन् हारलो एकबी न्हाई. ही बढाई न्हाई, नोंद म्हणून सांगून राह्यलो. नवा जावई पहिल्या पंगतीत किती पुरणपोळ्या खाईल, ग्रामसेवक सोमवारी गावात येईल का, सगळ्यात त्रिंबकच जिंकलेला हाय. जिंकायची तरकीब लई सोपी हाय: पैज लावायच्या आधी उत्तर माहीत पायजे.

अन् या वेळेस तर उत्तर सरकारनंच छापून दिलेलं होतं. माझी पोरगी अक्षता परीक्षेसाठी भूगोल पाठ करून राह्यली होती, मोठ्या आवाजात, म्हणजे सगळ्या गल्लीची परीक्षा असल्यासारखी. एकवीस मार्चला दिवस व रात्र समान असतात, असं तिनं पाचव्यांदा म्हणलं तेव्हा मी ओट्यावर बसल्या बसल्या मान डोलावली. बारा तास दिवस, बारा तास रात, बिलकुल बराबर.

"बराबर न्हाई," लालमियाँ चाचा म्हणाले. "त्या दिवशी दिवस सात मिनटानं मोठा राहतो. बराबर तर गेल्या शुक्रवारीच होऊन गेलं. तुम्ही धुळवड खेळून राह्यल्ते ना, त्या दिवशी."

लालमियाँ चाचा म्हणजे आमचे घड्याळवाले. वय सदुसष्ट. माझं झेरॉक्स अन् ऑनलाईन फॉर्मचं दुकान अन् शेठचं किराणा दुकान, याच्या मधात जेवढी जागा उरली तेवढ्यात त्यांचा टेबल हाय. डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर दुसऱ्याच्या घड्याळात बघत बसतात. बोलताना मान वर करत न्हाईत. त्या दिवशीबी केली न्हाई, अन् मला तेच लागलं. माणसानं खोडून काढावं, पण निदान तोंडाकडं बघून तरी काढावं.

मी म्हणलं, चाचा, पुस्तक सरकारचं हाय. चाचा म्हणाले, असू दे, सूर्य सरकारचा न्हाई. ओट्यावरचे हासले. मंग माझ्यानं राहवलं न्हाई. मी तिथंच पैज मांडली: जो हारंल त्यानं रविवारच्या बाजारात, भर दुपारी, पेटता कंदील हातात घेऊन फिरायचं. कुणी विचारलं काय करून राह्यला, तर म्हणायचं, दिवस हुडकून राह्यलो. ही शिक्षा माझ्याच डोक्यातून निघाली हे मुद्दाम सांगतो, म्हणजे पुढं मला कुणाची कीव येणार न्हाई.

चाचा म्हणाले, मंजूर. शेठ पंच झाले. शेठनं पंच झाल्या झाल्या पहिला नियम लावला की मोबाईल मधात आणायचा न्हाई, कारण मागच्या पैजेत दोन मोबाईलनं दोन उत्तरं दिल्ती अन् मारामारीची वेळ आल्ती. जे काय ते डोळ्यानं बघायचं. सूर्य दिसला की दिवस सुरू, सूर्य पुरा बुडाला की दिवस खतम.

मी त्या रात्री पांघरुणात तोंड घालून मोबाईल बघितला. एकवीस मार्च, सूर्योदय सहा एकोणतीस, सूर्यास्त सहा छत्तीस. बोटावर मोजलं. परत मोजलं. बारा तास सात मिनटं.

इथं एक गोष्ट समजून घ्या. अख्ख्या गावाच्या खिशात उत्तर पडलेलं होतं, पण वजाबाकी कुणीच केली न्हाई. मी केली, अन् मला पहिल्यांदा कळलं की उत्तर आधी माहीत असणं दरवेळेस चांगलं नसतं.

पण मी हार मानणाऱ्यातला न्हाई. आमचं गाव आष्टीच्या अलीकडं हाय, परतूर तालुक्यात. नाव सांगत न्हाई, कारण पुढं ग्रामसेवक येणार हाय अन् तो अजून नोकरीत हाय. तर आमच्या गावाला उगवतीकडं एक टेकडी हाय. टेकडी कसली, मुरमाचा ढिगाराच, पण सकाळी सूर्य तिच्या मागं सात-आठ मिनटं दडून राहतो. मावळतीकडं मात्र शिवार तव्यासारखं सपाट. म्हणजे शेठच्या ओट्यावरून बघितलं तर दिवस सकाळीच सात मिनटानं कापला जातो अन् हिशेब बसतो बारा तासाला. दुसऱ्या दिवशी मी लई साळसूद चेहरा करून म्हणलं, चाचा, पैज ओट्यावर लागली, तर बघायचंबी ओट्यावरूनच.

चाचांनी पहिल्यांदा भिंग काढलं. माझ्याकडं बघितलं. माणूस बंद पडलेल्या घड्याळाकडं बघतो तसं.

"टेकडी सूर्याची हाय का तुझी?" ते म्हणाले. "टाकीवर चल. तिथून टेकडी पायाखाली राहते."

गावाची पाण्याची टाकी लई उंच हाय. मी झटकन म्हणलं की टाकीवर चढायला ग्रामपंचायतीची परवानगी लागती. मला पूर्ण भरोसा होता की आमचा ग्रामसेवक कोणत्याच गोष्टीला परवानगी देत न्हाई. त्याला राम राम घातला तरी तो अर्ज करा म्हणतो. शेठनं निकाल दिला, परवानगी मिळाली तर टाकी, न्हाई तर ओटा. मी खुशीत घरी आलो अन् दोन कप चहा पिलो.

तो चहा उतरवला माझ्या बायकोनं. रेणू दुपारी जुबेदाभाभीकडं, म्हणजे चाचांच्या घरी, शेवयाचं यंत्र आणायला गेल्ती. तिथून ती वेगळीच बातमी घेऊन आली. यंदा रमजान मार्चातच आल्ता. रोजा सोडायच्या वेळेला मशिदीवरचा भोंगा वाजतो, त्याचं बटण अडोतीस वर्षं चाचा दाबतात. वरून आलेला पगार न्हाई, पद न्हाई, काही न्हाई. नुसतं बटण. पण त्या बटणावर चारशे माणूस पाण्याचा घोट घेतो. आता मशिदीच्या कमिटीत अकिब आला, मोबाईलच्या दुकानवाला. त्यानं शहरातून लाल आकड्याचा बोर्ड मागवला, तो आपोआप टाईम बघून भोंगा वाजवतो. कमिटीत दोन गट पडले. अन् अकिब सगळ्यांसमोर म्हणाला की चाचांना दिवस किती तासाचा असतो हेबी माहीत न्हाई, शाळेतल्या पोरीला माहीत हाय. पैज हारले तर बटण बोर्डाकडं.

"अहो, त्या माणसाचं एवढं एकच काम हाय हो," रेणू म्हणाली. "अन् तुम्ही टेकडी आडवी लावून राह्यले."

टेकडीचं मी तिला सांगितलंच नव्हतं. बायकांना हे कसं कळतं याच्यावर कुणीतरी पुस्तक छापलं पायजे.

मला लाज वाटली. माझी लाज जास्त वेळ टिकत न्हाई म्हणून मी लगेच उठलो अन् रोजा सुटल्यावर चाचांच्या घरी गेलो. भाभीनं खजूर अन् भजे पुढं ठेवले. मी म्हणलं, चाचा, मजाक मजाकमध्ये झालं, पैज रद्द करू. चाचा म्हणाले, न्हाई. मी म्हणलं, बरं मंग मी आत्ताच हारलो, जाऊ द्या. तर ते आणखीच तापले. बघितल्याबिगर कसा हारलास? मी तुझ्या मेहेरबानीवर भोंगा वाजवू का?

मंग मी विचारलं की हे सात मिनटं येतात कुठून, हे तरी सांगा. चाचांनी भाभीला खूण केली. भाभीनं एक कटोरा आणला, त्यात एक रुपया टाकला अन् मला म्हणाल्या, त्रिंबकभाऊ, मागं सरका, रुपया दिसायचा बंद होईपोतर. मी सरकलो. रुपया कटोऱ्याच्या काठाखाली गेला. मंग त्यांनी कटोऱ्यात हळूच पाणी ओतलं. मी हाललो न्हाई, रुपया हालला न्हाई, अन् रुपया दिसायला लागला.

"सूर्यबी असाच," चाचा म्हणाले. "खाली गेलेला असतो, तरी हवा त्याला उचलून दाखवती. सकाळी थोडा आधी, संध्याकाळी थोडा उशिरा. अन् पुस्तकवाले मोजतात सूर्याच्या पोटापासून, आपण मोजतो डोक्यापासून. त्याचे दोन-तीन मिनटं आणखी. पुस्तक खोटं न्हाई रे. पुस्तकवाल्यांनी हवा काढून हिशेब केला. आपण हवेत राहतो."

मशिदीच्या भिंतीवर उर्दूत छापलेला एक जुना तक्ता हाय, वर्षाच्या सगळ्या दिवसांचा उगवायचा-मावळायचा टाईम असलेला. बाकीचे तो बघतात अन् विश्वास ठेवतात. या माणसानं अडोतीस वर्षं तक्ता बघितला अन् मंग बाहेर जाऊन सूर्यबी बघितला, तक्ता बराबर हाय का म्हणून. सहा चौतीसला उगवला, सहा चौतीसला मावळला, तो दिवस बराबरीचा, ही गोष्ट त्यांनी कुणाला विचारली न्हाई अन् कुणाला सांगितली न्हाई. मी माझ्या आयुष्यात कोणतीच गोष्ट दोनदा तपासलेली न्हाई. मी भजे खाल्ले अन् गप घरी आलो.

मंग एक अशी गोष्ट झाली जी माझ्या खानदानात कधी झाली न्हाई. मी स्वतः हारावं म्हणून स्वतःच पळापळ सुरू केली.

परवानगीचा अर्ज मीच लिहिला. विषय, सूर्य पाहण्याकरिता पाण्याच्या टाकीवर चढण्यास परवानगी मिळणेबाबत. ग्रामसेवकानं तो दोनदा वाचला, उलटा करून बघितला अन् विचारलं की हे कोणत्या योजनेत बसतं. मी म्हणलं, कोणत्याच न्हाई. तो म्हणाला, मंग ठराव लागंल. ठरावाला ग्रामसभा लागंल. ग्रामसभा मे महिन्यात हाय. मी म्हणलं, साहेब, सूर्य एकवीस तारखेला हाय. त्यानं थोडा विचार केला अन् म्हणाला की उगवतीचं एकवेळ बघता येईल, पण मावळतीचा सूर्य आपल्या हद्दीत मावळत न्हाई, तो शेजारच्या गावाच्या शिवारात मावळतो. त्या ग्रामपंचायतीचं ना-हरकत आणा.

दुसरा कुणी असता तर रडत गेला असता. पण मी वीस वर्षं लोकांचे फॉर्म भरून राह्यलो. मी शेजारच्या गावाला गेलो. तिथला शिपाई म्हणाला की सूर्य आमच्याकडं मावळतो हे आम्हाला आजच कळलं, याच्यावर काही अनुदान येतं का. मी म्हणलं, येणार हाय. त्यानं लगेच शिक्का मारला. मी ते पत्र, अर्ज, तिघांचे आधारकार्ड अन् टाकीचा एक फोटो असा गठ्ठा स्टेपल करून आवक खिडकीत टाकला अन् पोच घेतली. आपल्याकडं परवानगी मिळत नसती, पोच मिळती. शहाण्या माणसानं पोचेवर काम चालवायचं.

एकवीस तारखेला सकाळी सव्वासहाला मी अन् चाचा टाकीवर गेलो. अठ्ठावन्न पायऱ्या, उभी लोखंडी शिडी. रोजा असलेला सदुसष्ट वर्षांचा माणूस माझ्या पुढं चढला अन् वर जाऊन माझी वाट बघत उभा राह्यला. पंच शेठ खालीच थांबले. त्यांचं वजन एकशे आठ किलो अन् ते म्हणाले की माझा दोघांवर भरोसा हाय. सूर्याची पहिली लाल किनार दिसली तेव्हा चाचांच्या खिशातल्या चावीच्या घड्याळात सहा एकोणतीस झाले होते. वरून सगळं शिवार दिसत होतं, हरभरा काढलेले वावरं, सडकेवरची एक एसटी, अन् दूर परतूरकडची रेल्वेची लाईन. मी या गावात पंचेचाळीस वर्षं राहतो, अन् सूर्य उगवताना पहिल्यांदा बघितला. चाचा म्हणाले, रोज उगवतो. मी म्हणलं, ऐकून होतो.

संध्याकाळी घोटाळा झाला.

संध्याकाळी टाकीखाली गल्ली जमा झाली. चाचांनी बंदोबस्त आधीच करून ठेवला होता: ते वर असणार, भोंग्याचं बटण मशिदीत, म्हणून सूर्य पुरा बुडाला की ते वरून पांढरा रुमाल खाली सोडतील अन् रुमाल दिसला की अकिब बटण दाबेल. अकिब मशिदीकडं निघताना म्हणाला की बोर्ड बसवलेला हाय, बघू कोण आधी वाजवतं. जाता जाता शेठलाबी टोमणा मारला, की पंच खाली उभा राहून न्याय देतो का. शेठ मारवाडी माणूस, हिशेबात पक्के, पण टोमणा त्यांना पचत न्हाई. धोतर खोचलं अन् चढले. मी मागून, म्हणजे पडले तर माझ्यावर.

पडले न्हाईत. वर पोचले, कठड्याला दोन्ही हातानं मिठी मारली, एकदा खाली बघितलं अन् मटकन बसले. मी म्हणलं, शेठ, सूर्य तिकडं हाय. ते म्हणाले, असू दे. खालून झुंबरबाईनं, म्हणजे आमच्या समोरच्या म्हातारीनं, विचारलं की शेठ, बरं वाटतं का. तर शेठ डोळे मिटून, सगळा जोर लावून ओरडले:

"मी खाली येणार न्हाई."

आता आमच्या भागात माणूस टाकीवर चढून असं म्हणला तर त्याचा अर्थ एकच होतो. कुणीतरी व्हिडीओ काढला. दहा मिनटात सगळं गाव जमलं, पंधरा मिनटात शेजारचं, अन् वीस मिनटात पोलीस जीप. नायब तहसीलदार साहेब कोणत्या तरी मिटिंगसाठी आष्टीला आलेले, ते तसेच इकडं वळाले. त्यांना माईक मिळाला न्हाई म्हणून ते कचऱ्याच्या घंटागाडीत चढले अन् तिच्या भोंग्यावरून बोलले. आधी अर्धं स्वच्छतेचं गाणं वाजलं, मंग साहेबाचा आवाज आला की शासन तुमच्या पाठीशी आहे, टोकाचं पाऊल उचलू नका, तुमच्या मागण्या काय आहेत.

मी खरं सांगायला पायजे होतं. मी मनाशी ठरवलंबी होतं. पण वर उभं राहून खाली दीड हजार माणूस, जीप अन् घंटागाडीतला अधिकारी बघितला, अन् तोंडातून आपोआप निघालं:

"दिवस अन् रात सारखी करा. ताबडतोब."

खालून टाळ्या पडल्या. कुणालाच काही विचित्र वाटलं न्हाई, कारण आमच्याकडं शेतीच्या मोटारीला एक आठवडा दिवसा लाईट राहती अन् एक आठवडा रात्री, अन् सगळ्यांनी समजून घेतलं की त्रिंबक लाईटीचं बोलून राह्यला. माझ्या नावाचा जयजयकार झाला. लोकांनी आपापल्या मागण्या जोडल्या: नालीचं काम, एसटीचा थांबा, अन् झुंबरबाईची, की शेजाऱ्याची म्हैस तिच्या भिंतीला बांधू नये. साहेबांनी तिथंच बोनेटवर कागद ठेवून लेखी आश्वासन लिहिलं. दिवस व रात्र समान करण्याबाबतची आपली मागणी योग्य त्या कार्यवाहीसाठी वरिष्ठ कार्यालयास सादर करण्यात येत आहे, असं त्याच्यावर सही-शिक्क्यासहित हाय. ते मी लॅमिनेशन करून ठेवलं. कुणाला बघायचं असलं तर दुकानावर या.

रेणू खालून ओरडून विचारत होती की तुम्हाला अक्कल कधी येणार. ते लेखी मागितलं न्हाई म्हणून मी उत्तर दिलं न्हाई.

या सगळ्या गोंधळात चाचांनी एकदाबी खाली बघितलं न्हाई. ते कठड्याशी मावळतीकडं तोंड करून उभे होते. एका हातात घड्याळ, एका हातात रुमाल. दिवसभर पोटात पाणी न्हाई, ओठ वाळून पांढरे झालेले, अन् पायाखाली पन्नास हजार लिटर पाणी. सूर्य शिवाराला टेकला तसा कुणीतरी खाली म्हणलं, अरे चाचांकडं बघा. मंग एकेक जण गप होत गेला. घंटागाडी बंद झाली. साहेबांनी हात मागं बांधले. तिकडं मशिदीच्या आवारात चारशे माणूस खजूर हातात घेऊन टाकीकडं बघत बसलेलं मला वरून दिसलं.

मी कधी कुणाची एवढी मनापासून वाट बघितलेली न्हाई. सूर्य अर्धा झाला. मंग नखाएवढा राह्यला. मला वाटलं गेला. मी चाचांकडं बघितलं, त्यांनी मान हालवली, न्हाई. मी परत बघितलं तर खरंच एक लाल धागा होता. चाचांचा डोळा मिटत न्हाई. धागा तुटला.

रुमाल सुटला. भोंगा वाजला.

घड्याळात सहा छत्तीस. शेठनं एक डोळा उघडून तेवढं बघितलं अन् परत मिटला. सकाळी सहा एकोणतीस, संध्याकाळी सहा छत्तीस. बारा तास सात मिनटं. मी हारलो होतो, अन् माझ्या तोंडावर एवढं हसू होतं की खालच्यांना वाटलं मागणी मान्य झाली.

अकिबचा बोर्ड वाजला तेरा मिनटानं. त्याच्यात मुंबईचा टाईम भरलेला होता. मुंबईला सूर्य आपल्यापेक्षा उशिरा मावळतो हे अकिबला कुणी सांगितलंच नव्हतं. तोवर लोकांचं खजूर, भजे, सगळं खाऊन झालेलं होतं. अकिब माणूस वाईट न्हाई. तो टाकीखाली आला, चाचा उतरल्यावर त्यांच्या हातात पाण्याचा गिलास दिला अन् म्हणाला, "चच्चा, बोर्डात टाईम तुम्हीच भरून द्या. बटण तुमच्याचकडं राहू द्या, बोर्ड नुसता बघायला ठेवू." चाचांनी आधी पाणी पिलं, मंग मान हालवली.

शेठचं काय झालं विचाराल, तर पोलीस हारले, साहेब हारले, अन् शेवटी जुबेदाभाभीनं कढईत गरम भज्याचा घाणा काढला. वास वर गेला. शेठ डोळे मिटून अठ्ठावन्न पायऱ्या उतरले अन् डोळे उघडले ते थेट ताटासमोर.

राह्यला माझा कंदील. आता कंदील मिळतो कुठं. झुंबरबाईकडं एक निघाला, काच तडकलेली. रॉकेल तर रेशनवर यायचं बंद झाल्याला जमाना झाला. गॅरेजवाल्यानं डिझेल दिलं अन् म्हणाला, जळतं, पण धूर काढतं. त्यानं काढला तो धूर न्हाई, वीटभट्टी होती. रविवारी बाराच्या ठोक्याला मी पांढरा सदरा घालून बाजारात शिरलो तेव्हा पाच मिनटात सदरा काळा अन् नाक त्याहून काळं.

सगळ्यांनी विचारलं. माहीत असलेल्यांनी जास्त विचारलं. मिरचीवाल्या गोजरबाईनं विचारलं, काय हुडकून राह्यला भाऊ. मी म्हणलं, दिवस. ती म्हणाली, वांग्याच्या पाटीखाली बघितला का. भांडेवाल्यानं चष्म्याचा नंबर सुचवला. शेजारच्या गावचा तो शिपाई भेटला, त्यानं अनुदानाचं विचारलं. जो माणूस वीस वर्षं दुसऱ्यांची मजाक करून राह्यला, त्याला लोकांनी अशी व्याजासकट परत केली की माझीच छाती फुगली. या गावाला शिकवलं कुणी, मीच ना.

बाजाराच्या दुसऱ्या टोकाला चाचांनी आपला टेबल मांडला होता, मोठ्या छत्रीखाली. त्या रविवारी तिथं गर्दी होती. कुणाचं बिघडलेलं नव्हतं, लोक नुसते टाईम लावून घ्यायला आल्ते. ज्यांच्या खिशात मोबाईल होता तेबी. अकिबबी लाईनीत उभा होता, बापाचं जुनं घड्याळ घेऊन. मी कंदील टेबलावर ठेवला, दोन्ही हात जोडले अन् सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलं की चाचा, तुम्ही बराबर, मी चूक, सात मिनटानं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कंदील विझवायला वाकलो.

"थांब," चाचा म्हणाले. "किती वाजले?"

मी म्हणलं, बारा दहा.

त्यांनी छत्रीच्या दांड्याची सावली बघितली. जमिनीवर बोटानं एक रेघ मारली, बराबर उत्तरेकडं. सावली रेघेपासून चांगली चार बोटं लांब होती.

"पैज भर दुपारची हाय, त्रिंबक," ते म्हणाले. "अन् आपल्याकडं सूर्य डोक्यावर येतो बारा बत्तीसला. अजून दुपार झाली न्हाई."

मी शेठकडं बघितलं. शेठ पंच होते. त्यांनी सावली बघितली, रेघ बघितली, माझ्या सदऱ्याकडं बघितलं अन् मान डोलावली.

मंग मी कंदिलाची वात वर केली अन् गोजरबाईच्या मिरचीपासून परत सुरुवात केली.